रिव्हॉल्व्हरमधलं एक बारीक भोक

मंडळी, आधीच सांगून टाकतो, मला बंदुकीची हौस नाही. कॉलेजात एनसीसीत असताना पॉइंट टू टू रायफलीच्या पाच गोळ्या झाडल्या, त्यातल्या दोन शेजारच्या मुलाच्या टार्गेटवर लागल्या. त्याचा निकाल माझ्यामुळे सुधारला, एवढंच माझं या क्षेत्रातलं कर्तृत्व. पण जन्म गेला यंत्रांची ड्रॉइंग काढण्यात. त्यामुळे एखाद्या कंपनीनं जुन्या, चालत्या यंत्रात बदल केला की ते वापरणारी माणसं का खवळतात, हा माझा जुना छंद आहे. आणि अमेरिकेतल्या पिस्तूलवाल्यांइतकं मन लावून खवळणारं गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलेलं नाही.

कामानिमित्त काही काळ मॅसॅच्युसेट्समध्ये होतो. तिथल्या एका सहकाऱ्यानं घरी जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर त्यानं टेबलावर टर्किश टॉवेल पसरला आणि त्यावर दोन रिव्हॉल्व्हर ठेवले. दोन्ही रिकामे, गोळ्या ठेवायचं चक्र बाहेर काढून, प्रत्येक घरातून पलीकडचा उजेड दाखवून मगच माझ्या हातात दिले. दोन्ही स्मिथ अँड वेसनचे आणि दिसायला सख्खे भाऊ. म्हणाला, फरक सांग. मी पाच मिनिटं उलटेपालटे करून पाहिले. शेवटी सापडला: नव्याच्या डाव्या अंगाला, चक्र मोकळं करायचं जे बटण असतं त्याच्या वर एक बारीक गोल भोक. त्यात चिमुकली किल्ली घालून फिरवली की घोड्याच्या बाजूला पोलादाची एक पट्टी वर येते आणि घोडा अडतो. चाप ओढलात तरी काही होत नाही. (घोडा म्हणजे मागून आपटतो तो, चाप म्हणजे बोटानं ओढतो तो. आपण बोलताना दोघांनाही घोडाच म्हणतो, पण आज जरा वेगळे ठेवू.)

मी म्हटलं, ‘‘छान आहे की. घरात पोरंबाळं असतात.’’ त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्याच्या देवघरात चपला घालून शिरलोय.

तिकडच्या बंदूकवाल्यांनी या भोकाला नाव ठेवलंय ‘हिलरीचं भोक’. (हिलरी म्हणजे क्लिंटनबाई.) जुन्या बाजारात कुलपाआधीच्या नगाला लोक आवर्जून जादा पैसे मोजतात. काही जण आतली पट्टी काढून टाकतात आणि भोक बुजवायला तयार बूच मिळतं, ते बसवतात. विचारलं तर तांत्रिक कारण देतात: हलक्या वजनाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दमदार काडतूस झाडलं की हादऱ्यानं ती पट्टी आपोआप वर येऊ शकते आणि नेमक्या जिवावरच्या प्रसंगी हत्यार अडकू शकतं. तसं झाल्याचं सांगणारे आहेत, हजारो गोळ्या झाडून कधीच झालं नाही म्हणणारेही आहेत. इंजिनिअर म्हणून मला ही शंका वेडगळ वाटत नाही. जीव वाचवायच्या यंत्रात जास्तीचा प्रत्येक भाग म्हणजे बिघडायची एक जास्तीची जागा. पण एवढ्या कारणासाठी कोणी भोकाला राजकारण्याच्या बायकोचं नाव देत नाही. तो राग दुसरीकडून आलेला आहे.

१९९८ पासून अमेरिकेतल्या शहरांनी बंदूक कंपन्यांवर दावे लावायला सुरुवात केली. न्यू ऑर्लीन्स आणि शिकागो त्यात पुढे होते. वकिलांच्या खर्चानंच कंपन्या टेकीला येतील अशी लक्षणं होती. तेव्हा १७ मार्च २००० रोजी स्मिथ अँड वेसननं क्लिंटन सरकारशी करार केला. पिस्तुलांना कुलपं देऊ, पुढे आतच बसवू, मालकाशिवाय दुसऱ्याच्या हातात चालणार नाही अशा पिस्तुलावर संशोधन करू, विक्रेत्यांवरही बंधनं घालू. १८५२ मध्ये दोघा भागीदारांनी उभं केलेलं नाव, काउबॉयच्या काळापासून घराघरात असलेलं, आणि ते सरकारच्या मांडीवर जाऊन बसलं!

त्यात आणखी एक मीठ होतं. कंपनीची मालकी तेव्हा टॉमकिन्स नावाच्या ब्रिटिश समूहाकडे होती. बेकरीच्या पावापासून बंदुकीपर्यंत सगळं विकणारा म्हणून त्याची चेष्टा व्हायची. नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकवाल्यांच्या संघटनेनं हे ‘ब्रिटिश मालक’ बरोबर पकडलं आणि पांढरं निशाण दाखवणारी पहिली कंपनी म्हणून तिला झोडपलं. आता मॅसॅच्युसेट्स म्हणजे जिथे १७७५ मध्ये शेतकऱ्यांनी इंग्रज शिपायांवर बंदुका रोखल्या ती भूमी, आणि कंपनीचं तेव्हाचं गाव स्प्रिंगफिल्ड, जिथे वॉशिंग्टनच्या काळापासून सरकारी शस्त्रागार होतं. तिथे बसून इंग्रज मालक अमेरिकनांच्या पिस्तुलाला कुलूप लावतो, हे चित्रच असं होतं की भाषणाची गरज उरली नाही.

गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली, दुकानदारांनी माल ठेवणं सोडलं. स्प्रिंगफिल्डच्या कारखान्यात कामगारकपात झाली. टॉमकिन्सनं १९८७ मध्ये ही कंपनी ११ कोटी डॉलरच्या वर मोजून घेतली होती. मे २००१ मध्ये दीड कोटी रोख आणि डोक्यावरचं कर्ज, एवढ्यावर ती देऊन टाकली. विकत घेणाऱ्या कंपनीचं नाव सेफ-टी-हॅमर. धंदा काय? बंदुकीची कुलपं बनवणं!

म्हणजे गंमत बघा. करार बुशसाहेबांच्या राज्यात कागदावरच वाळून गेला. इंग्रज मालक गेला. हिलरीबाई तोवर न्यूयॉर्कच्या सिनेटर झाल्या होत्या, त्यांचा या ड्रॉइंगशी काडीचा संबंध नव्हता. रिव्हॉल्व्हरमध्ये भोक पाडलं ते नव्या, अमेरिकन, कुलूपवाल्या मालकांच्या काळात. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

मला जास्त मजा वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. याच कंपनीनं १८८०च्या दशकात एक रिव्हॉल्व्हर काढला होता. त्याच्या मुठीच्या मागच्या अंगाला एक दाबपट्टी होती. मूठ पक्की आवळल्याशिवाय गोळी सुटायची नाही. घोडा पूर्ण आत झाकलेला. तो अर्धशतकाहून जास्त काळ विकला गेला. लोकांनी त्यालाही टोपणनाव ठेवलं: ‘लिंबू पिळायचं यंत्र’. आवळावं लागतं म्हणून. बघा, सुरक्षेची सोय तीच, कंपनी तीच, पण एका नावात लाड आहे आणि दुसऱ्यात शिवी. मधे फरक इतकाच की लिंबूवालं कंपनीच्या मालकाच्या डोक्यातून आलं होतं, आणि भोक, लोकांच्या समजुतीत तरी, वॉशिंग्टनहून.

पुण्यातल्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाही. मुंबईला जाताना आपण होऊन हेल्मेट घालणारा माणूस शहरात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चात पुढे असतो. त्याचं भांडण हेल्मेटशी नसतंच, ‘सक्ती’शी असतं.

सगळ्याच बदलांवर असा वणवा पेटत नाही. कोल्ट या दुसऱ्या अमेरिकन कंपनीनं १९८३ च्या सुमारास आपल्या जुन्या लष्करी घाटाच्या पिस्तुलात चाप ओढेपर्यंत फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई) अडवून धरणारा भाग घातला. हौशी मंडळी कुरकुरली, चाप आता पूर्वीसारखा लोण्यासारखा जात नाही म्हणाली, आणि कारागिराकडून घासून घेऊ लागली. ही तक्रार हाताची होती, म्हणून ती विझलीसुद्धा.

आता ताजं प्रकरण. ग्लॉक ही ऑस्ट्रियन कंपनी. पडद्याचे रॉड वगैरे बनवणाऱ्या गास्टन ग्लॉक नावाच्या इंजिनिअरनं १९८०च्या सुरुवातीला ऑस्ट्रियन सैन्यासाठी प्लॅस्टिकच्या सांगाड्याचं पिस्तूल केलं. पिढ्यामागून पिढ्या आल्या तरी आतली रचना मुळातली तीच राहिली, आणि तेच त्याचं भांडवल. एकाचा भाग दुसऱ्याला बसतो, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, मेकॅनिकला पाठ असतो. आपल्याकडे जुन्या स्कूटरचं होतं तसं. पण याच रचनेचा फायदा घेऊन गुन्हेगारांनी एक नाण्याएवढा बेकायदा तुकडा जोडायला सुरुवात केली, की पिस्तुलाची मशीनगन होते. शिकागोनं मार्च २०२४ मध्ये कंपनीवर दावा लावला तेव्हा म्हटलं, दोन वर्षांत अशी ११०० हून अधिक पिस्तुलं आम्ही पकडली. ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी कायद्यावर सही केली: सहज मशीनगन बनू शकणाऱ्या पिस्तुलांची दुकानातून विक्री १ जुलै २०२६ पासून बंद. त्याच महिन्यात ग्लॉकनं बरीचशी जुनी मॉडेलं थांबवून त्यांच्या जागी ‘व्ही’ मालिका आणत असल्याचं जाहीर केलं.

झालं. जुना माल संपायच्या आत उचलायला लोक दुकानांकडे धावले. ‘शरणागती’, ‘गुडघे टेकले’ हे सगळे शब्द २००० सालातले, जपून ठेवलेले, पुन्हा बाहेर आले. शांत डोक्याचे सांगत होते की बाबांनो, मॅगझिन जुनीच चालणार आहेत, म्यानही तेच चालेल. पण ज्यांनी जादा चाप-संचावर पैसे घातले होते त्यांना ते भाग नव्यात बसणार का, ही खरी धास्ती होती. माझं मत विचाराल तर कंपनीला दुसरा मार्ग फारसा नव्हता, आणि इतकी वर्षं थांबायलाही नको होतं. माझ्या त्या सहकाऱ्यासमोर मात्र हे मी बोलणार नाही; त्याच्याकडचं जेवण फार चांगलं असतं.

स्मिथ अँड वेसननं अलीकडे कुलूप नसलेले काही रिव्हॉल्व्हर पुन्हा काढले आहेत, आणि जाहिरातीत भोक नसणं हाच गुण म्हणून मिरवलं जातं. पण हे सगळं न होऊ देता बदल करणारी एक अमेरिकन कंपनी होती, रुगर, तिची गोष्ट सांगून थांबतो. रुगरच्या जुन्या काउबॉय घाटाच्या रिव्हॉल्व्हरची घोड्याखालची गोळी धक्क्यानं सुटू शकायची, म्हणून जाणते लोक सहा घरांत पाचच काडतुसं भरत. १९७३ मध्ये कंपनीनं नवी रचना आणली. जुन्या मालकांना पुढे सांगितलं: तुमचं पिस्तूल पाठवा, आम्ही आतले भाग बदलून देतो, पैसे नकोत. ही सोय आजही चालू आहे. आणि काम करून पिस्तूल परत येतं तेव्हा सोबत एका पुडीत काढलेले जुने भाग असतात, एकही न हरवता. तुमचे होते, तुम्हीच ठेवा. जुन्या रुगरचा सौदा होताना घेणारा आजही नळीकडे नंतर बघतो. आधी विचारतो, पुडी आहे का?