यादीत न सापडलेले कऱ्हाळे

नमस्कार श्रोतेहो.

दोन शब्द म्हणतो, कान देऊन ऐका. दर्या. दऱ्या. पहिला म्हणजे समुद्र, आपल्या मराठवाड्यापासून कितीतरी कोस लांब. दुसरा म्हणजे डोंगरातल्या दऱ्या, आपल्या बालाघाटात जागोजागी. तुमच्या कानाला फरक लगेच कळला. कॉम्प्युटरला तो कळावा म्हणून काही माणसं एक पैसा न घेता राबत असतात. त्यांच्यात आपल्याकडची पोरं मला अजून फारशी भेटली नाहीत, म्हणून आज त्यांच्या कामाचा, म्हणजे ओपन सोर्सचा, विषय घेतला.

मी परभणीत मुलांना प्रोग्रामिंग शिकवतो. दोन वर्षांपूर्वी सेलूकडच्या एका शेतकरी गटाला छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. सोयाबीनचं माप झालं की नोंद करायची, नाव टाकलं की पावती निघायची, एवढंच काम. ऐन हंगामात फोन आला. "सर, कऱ्हाळे मामा समोर उभे आहेत. यादीत नाव दिसतंय, पण शोधलं की मशीन म्हणतंय, असं नावच नाही."

मी गेलो. नाव पडद्यावर ढळढळीत दिसत होतं. शोधायच्या चौकटीत तेच नाव टाकलं, तरी सापडेना. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. शेवटी पावती हाताने लिहून दिली. मामा काही बोलले नाहीत, पण मला फार लागलं. ज्याचा माल त्याचंच नाव माझ्या प्रोग्रामला ओळखू आलं नव्हतं.

रात्री घरी बसून पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत दोन्ही नावांची लांबी मोजली. यादीतलं नाव भरलं ८, मी टाकलेलं भरलं ७. डोळ्यांना दोन्हींत तसूभर फरक नाही. मग एकेक चिन्ह सुटं करून पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. कऱ्हाळेतला तो आडवा, अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो. एका कीबोर्डवर खाली नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्यावर साधा र, त्याला हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. युनिकोडला, म्हणजे प्रत्येक अक्षरचिन्हाला क्रमांक देणाऱ्या जगभरच्या पद्धतीला, दोन्ही रीती मान्य आहेत. गटातल्या दोन पोरांनी दोन वेगळ्या कीबोर्डवर नोंदी केल्या होत्या. 'शेतकऱ्यांची यादी' हे शब्द टाइप करतानाच घोळ सुरू होत होता!

शोधायचं काम माझा प्रोग्राम स्वतः करत नव्हता. त्यासाठी मी एक ओपन सोर्स साधन वापरलं होतं. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना वाचायला, वापरायला आणि दुरुस्त करायला खुला असतो. पायथॉन असंच आहे. गिडो व्हॅन रॉसम यांनी ते १९९१ साली लोकांपुढे ठेवलं आणि तेव्हापासून कितीतरी हातांनी ते घडत आलं. कॉम्प्युटर चालवणारं लिनस टोरवाल्ड्स यांचं लिनक्सही त्याच वर्षीचं.

माझ्यापुरती दुरुस्ती मी दोन ओळींत करू शकलो असतो. पण मग लातूरच्या अडतीवर किंवा नांदेडच्या एखाद्या दवाखान्यात दुसरे कऱ्हाळे असेच ताटकळले असते. म्हणून ते साधन सांभाळणाऱ्यांकडे तक्रार नोंदवली. तिला इश्यू म्हणतात. त्यात दोन्ही नावं दिली, त्यांतली चिन्हं सुटी करून दाखवली आणि तीन ओळींचा असा कोड जोडला, की कुणीही चालवला तरी चूक समोर यावी. इश्यू लिहिताना हेच सगळ्यात महत्त्वाचं. 'मराठी चालत नाही' एवढंच लिहिलं तर समोरचा माणूस काय करणार?

मग दुरुस्तीही मीच करायला घेतली. न दिसणारं चिन्ह काढून टाकलं, की झालं, असं वाटलं. टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम, चालवल्या आणि दऱ्यांचा दर्या झाला. ते चिन्ह काढल्यावर मागे साधा र आणि हलन्त उरतो, आणि तो रफार होऊन य च्या डोक्यावर जाऊन बसतो. बालाघाट पाण्याखाली गेला म्हणा ना. दुसऱ्या खेपेला ते चिन्ह न काढता, र, हलन्त आणि जोडचिन्ह मिळून ऱ आणि हलन्त समजायचे, असं केलं.

पुल रिक्वेस्ट पाठवली, म्हणजे माझी दुरुस्ती मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती. तीन आठवड्यांनी मेंटेनरचं, म्हणजे ते साधन सांभाळणाऱ्या बाईंचं, उत्तर आलं. त्या बाईंना देवनागरी वाचता येत नाही, पण प्रश्न अचूक होता: नेपाळीचं काय? खरंच, नेपाळीतही हा अर्धा र आहे आणि तिकडे जोडचिन्हाचीच रीत रूढ आहे. मूळ मजकूर बदलला असता, तर त्यांचं लिखाण बिघडलं असतं. म्हणून ठरलं, की मजकुराला हात लावायचा नाही, फक्त तुलना करताना दोन्ही एक धरायचे. देवनागरी न वाचणाऱ्या बाईंनी देवनागरीची इतकी काळजी घेतली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आपल्याकडे इर्जिक घालतात. एखाद्याचं रान नांगरायचं राहिलं, की सगळ्यांच्या बैलजोड्या त्याच्या शेतात उतरतात. मजुरी कुणी मागत नाही, घरधनी जेवू घालतो. ओपन सोर्स हे मला तसंच वाटतं, फक्त इथे रान सगळ्यांचं असतं आणि जोड्या नेहमीच कमी पडतात. २०२४ साली एक्सझेड नावाच्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनात कुणीतरी मुद्दाम चोरवाट घुसवल्याचं उघड झालं. जगभरच्या सर्व्हरमध्ये वापरलं जाणारं ते साधन वर्षानुवर्षं एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता, आणि तो थकला होता. मदतनीस म्हणून आलेल्यानेच घात केला. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, त्याने त्याचा पिच्छा पुरवला, म्हणून ते सापडलं. म्हणून पोरांनो, उत्तर उशिरा आलं तर मेंटेनरवर चिडू नका. त्याला हात द्या.

सुरुवातीला कोड लिहिता आला नाही तरी चालतं. वापरायच्या सूचना वाचा, जिथे अडखळलात तिथे काय हवं होतं ते लिहून पाठवा. दुसऱ्याने नोंदवलेली चूक आपल्याकडे चालवून पाहा आणि 'माझ्याकडेही होते' एवढं कळवा. मराठी तपासून द्यायला तर मराठी बोलणारंच माणूस लागतं. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, माझंही तसंच आहे. उदाहरण नेमकं असलं म्हणजे झालं.

पुढच्या हंगामात नवी आवृत्ती बसवली आणि कऱ्हाळे टाकून पाहिलं. ७ चिन्हांचे आणि ८ चिन्हांचे, सगळे कऱ्हाळे एका खाली एक आले.

गेल्या रविवारी गंगाखेडच्या माझ्या एका विद्यार्थिनीने तिचा पहिला इश्यू नोंदवला. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर, युनिकोडच्या क्रमांकांत मात्र तो ल ला लागून आहे. त्यामुळे यादी लावताना काळे आडनाव काशिदच्या आधी येतं. तिने दोन्ही नावं देऊन हे दाखवलं आहे, आणि रोज संध्याकाळी लाइट आली की उत्तर आलं का ते बघते. अजून आलेलं नाही.

नमस्कार.