रिकामी गव्हाण

नमस्कार श्रोतेहो.

आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे चार आठवडे, सुरू झाला की आमच्या वसईच्या घरात पहिलं काम ठरलेलं असायचं. नाचणी पेरायची. नारळाच्या करवंटीत, कान तुटलेल्या कपात, जुन्या बशीत थोडी माती आणि वर रात्रभर भिजवलेली नाचणी. नाताळपर्यंत तिचं बोटभर हिरवंगार गवत व्हायचं आणि गोठ्याच्या देखाव्यात ते मेंढरांच्या पुढ्यात ठेवलं जायचं. खाकी कागद चुरगळून डोंगर करायचे, खाली भाताचा पेंढा पसरायचा. मरिया, योसेफ, मेंढपाळ, बैल, गाढव सगळे आपापल्या जागी बसायचे. मधली गव्हाण तेवढी रिकामी. बाळ येशूची मूर्ती आजीच्या कपाटात, कापसात गुंडाळलेली. 24 डिसेंबरच्या मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, करून आलो की मगच ती बाहेर निघायची.

सहा-सात वर्षांची असताना मी हट्ट धरला होता, "आजी, बाळाला आत्ताच ठेवू या ना." आजी पेंढा सारखा करत म्हणाली, "लोकांनी सातशे वर्षं वाट बघितली बाय, तुला चार आठवडे निघत नाहीत?"

कोणी बघितली सातशे वर्षं वाट? आणि कोणाच्या शब्दावर? आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

मराठी बायबलमध्ये यशया, मीखा या माणसांना एक फार नेमका शब्द वापरला आहे. संदेष्टा. संदेश घेऊन येणारा. आपण सहज म्हणून जातो, की यशयाने मशीहाच्या, म्हणजे येणाऱ्या तारणाऱ्याच्या, जन्माचं भविष्य सांगितलं. भविष्य म्हटलं की डोळ्यांसमोर पत्रिका येते, ग्रह येतात, अमुक साली अमुक घडेल असा होरा येतो. यशया मात्र एका घाबरलेल्या माणसाकडे देवाचं वचन घेऊन गेला होता. ती गोष्ट नीट ऐकली, तर त्या वचनाचा अर्थ आपोआप उलगडतो.

इसवी सनापूर्वी 735 च्या आसपासचा काळ. यरुशलेमात आहाज नावाचा राजा आहे, दावीद राजाच्या वंशातला. उत्तरेकडचे दोन राजे, अरामाचा रसीन आणि इस्राएलाचा पेकह, हातमिळवणी करून त्याच्यावर चालून येत आहेत. ही बातमी आली तेव्हा राजाचं आणि प्रजेचं काळीज वाऱ्याने रानातली झाडं थरथरावीत तसं थरथरलं, असं यशयाच्या ग्रंथात लिहिलं आहे. यशया राजाला भेटतो ती जागासुद्धा सांगितली आहे: वरच्या तळ्याच्या पाटाशी, परिटाच्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्यावर. वेढा पडला तर शहराला पाणी कुठून मिळणार, हे बघायला राजा तिथे गेला असावा, असं मला वाटतं. यशया एकटा आलेला नाही. सोबत त्याचा लहान मुलगा आहे. शआर-याशूब त्याचं नाव, म्हणजे 'उरलेले परत येतील'.

यशया म्हणतो, घाबरू नकोस, शांत राहा. परमेश्वराकडे एखादं चिन्ह माग, खाली अधोलोकातलं माग की वर आकाशातलं माग. राजा म्हणतो, "मी मागणार नाही, मी परमेश्वराची परीक्षा पाहणार नाही." ऐकायला किती भक्तिभावाचं वाटतं! पण राजाने आपल्यापुरता दुसराच मार्ग धरला होता. मंदिरातलं आणि राजवाड्यातलं सोनं-चांदी काढून त्याने अश्शूरच्या बलाढ्य राजाकडे, तिग्लथ-पिलेसरकडे, नजराणा पाठवला. सोबत निरोप होता: मी तुमचा दास आहे, तुमचा पुत्र आहे, येऊन मला सोडवा.

तुमचा पुत्र. या दोन शब्दांपाशी मी दर वर्षी थांबते. दावीदाला देवाने वचन दिलं होतं, की तुझ्या वंशजाचा मी पिता होईन आणि तो माझा पुत्र होईल. त्याच दावीदाच्या गादीवर बसलेला माणूस भीतीपोटी आपलं पुत्रपण परक्या सम्राटाच्या पायाशी नेऊन ठेवतो. आणि देव काय करतो? शाप देऊन मोकळा होत नाही. ज्याने चिन्ह मागितलं नाही, त्याच्या घराण्याला तो आपण होऊन चिन्ह देतो. कसलं चिन्ह? एक पुत्र. "पाहा, कुमारी गर्भवती होऊन पुत्र प्रसवेल व ती त्याचे नाव इम्मानुएल असे ठेवील." इम्मानुएल म्हणजे आम्हांसन्निध देव. देव आमच्याजवळ.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. मूळ हिब्रू शब्द आहे 'अल्मा', त्याचा अर्थ तरुण मुलगी. ख्रिस्तजन्माच्या आधीच यहुदी विद्वानांनी या ग्रंथाचं ग्रीक भाषांतर केलं, तेव्हा तिथे 'पार्थेनोस' म्हणजे कुमारी हा शब्द घातला. मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, तोच उचलला. शिवाय आहाजच्या काळातही त्या वचनाला अर्थ होताच. हे मूल बरंवाईट कळण्याच्या वयाचं होण्याआधी त्या दोन राजांचा देश ओस पडेल, असं यशया पुढे म्हणतो. तसं झालंही. इसवी सनापूर्वी 732 मध्ये अरामाची राजधानी दिमिष्क पडली, 722 मध्ये इस्राएलाची राजधानी शोमरोन. मग हे वचन तिथेच पुरं झालं का? आम्ही ख्रिस्ती म्हणतो, नाही. आहाजची लढाई संपली. पण 'देव आमच्याजवळ' हे नाव पूर्ण शोभावं असं मूल त्या राजवाड्यात कधी जन्मलं नाही. वचन लोकांच्या ओठांवर राहिलं, मुलांना शिकवलं गेलं, कातड्याच्या गुंडाळ्यांवर पुन्हा पुन्हा लिहिलं गेलं. त्यातली एक गुंडाळी 1947 च्या सुमारास मृत समुद्राजवळच्या गुहेत सापडली. सात मीटरांहून लांब, यशयाचा जवळपास अखंड ग्रंथ, येशूच्या जन्माच्या आधी शंभराहून जास्त वर्षं कोणीतरी हाताने लिहिलेला. मरियेच्या पोटी बाळ येण्यापूर्वी हे शब्द असे शाईत वाट बघत होते.

याच यशयाचं दुसरं वचन मध्यरात्रीच्या मिस्सेत पहिलं वाचन म्हणून वाचलं जातं. अंधारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला आहे. "आम्हांसाठी बाळ जन्मला आहे, आम्हांला पुत्र दिला आहे, त्याच्या खांद्यावर सत्ता राहील." अद्भुत मंत्री, समर्थ देव, सनातन पिता, शांतीचा अधिपती ही नावं सगळ्यांना पाठ आहेत. त्याच्या अगोदरच्या ओळीकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही. तिथे शिपायांच्या जोड्यांबद्दल लिहिलं आहे. दणदण आपटत गेलेले जोडे आणि रक्तात लोळलेले कपडे जळणासारखे आगीत जातील, आणि मग हे बाळ. हे त्या लोकांनी ऐकलं तेव्हा अश्शूरच्या शिपायांचे खरे जोडे त्यांच्या शेतांतून चालत होते.

पुढे तर दावीदाची गादीही गेली. इसवी सनापूर्वी 586 मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं, लोकांना बंदिवान करून नेलं. झाड तोडलं गेलं. यशया म्हणालाच होता, "इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटेल." इशाय म्हणजे दावीदाचा बाप, बेथलेहेमचा साधा शेतकरी-मेंढपाळ. घराणं पुन्हा त्याच्याइतकं लहान होईल, आणि त्या तोडलेल्या खोडातून कोंब येईल. आमच्याकडे वाडीत घड उतरवल्यावर केळ तोडून टाकतात, आणि तिच्या बुडाशी मुनवा आधीच वर आलेला असतो. शाळेत असताना हा अध्याय पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या मनात तोच मुनवा आला होता.

ही वाट बघणं मुळात यहुदी लोकांचं आहे, हे आम्ही ख्रिस्ती लोकांनी विसरता कामा नये. आपल्या कोकणात, अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूला, बेने इस्राएल हे यहुदी लोक पिढ्यान् पिढ्या राहिले. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. घरची भाषा मराठी. शुभकार्याला ते मलिदा करतात: गोड केलेले पोहे, खोबरं, फळं. आणि नाव घेतात ते एलियाहू हन्नाबी यांचं, म्हणजे मशीहाच्या आधी जो यायचा त्या एलिया संदेष्ट्याचं. ते आजही त्या येणाऱ्याची वाट बघतात. आम्ही म्हणतो, तो आला. मतभेद खरा आहे आणि मोठा आहे, पण ज्या ताटातला घास आम्ही खातो ते ताट त्यांच्या घरचं आहे.

'मशीहा' हा शब्दही त्यांचाच. अर्थ आहे अभिषिक्त, ज्याच्या मस्तकी तेल ओतलं तो. त्याचं ग्रीक रूप ख्रिस्त. आणि हे सगळं मराठीत ओव्यांतून पहिल्यांदा सविस्तर आलं ते 1616 साली, गोव्यात रायतूरला छापलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणात. त्या फादरांनी एकदम बाळाच्या जन्मापासून सुरुवात केली नाही. आधी अख्खं एक पुराण वाट बघण्याचं लिहिलं, तारणारा येणार या वचनाचं, आणि मग दुसऱ्या पुराणात त्याचा जन्म. गव्हाण त्यांनीही इतका वेळ रिकामी ठेवली.

आता बेथलेहेम, येशूचं जन्मगाव. यशयाच्याच काळातला मीखा नावाचा खेड्यातला संदेष्टा. तो म्हणतो, हे बेथलेहेम एफ्राथा, यहूदाच्या हजारांमध्ये तुझी गणना अल्प आहे, तरी इस्राएलाचा शास्ता तुझ्यातूनच निघेल. पुढे पूर्वेकडचे मागी लोक, म्हणजे तारे जाणणारे ज्ञानी, ताऱ्याच्या मागे यरुशलेमला येतात आणि विचारतात, यहुद्यांचा राजा जन्मला तो कुठे? हेरोद राजा घाबरतो आणि मुख्य याजकांना, शास्त्र्यांना बोलावतो. ते क्षणात उत्तर देतात: बेथलेहेमात. मीखाचं वचन म्हणूनही दाखवतात.

आणि तिथेच राहतात.

यरुशलेमहून बेथलेहेम आठ-नऊ किलोमीटर. दोन-अडीच तासांची पायपीट. परक्या देशातली माणसं, ज्यांना हे शास्त्र ठाऊकही नव्हतं, ती किती दिवस चालून आली. ज्यांना वचन तोंडपाठ होतं त्यांच्यातला एकही उठून गेला नाही. हा प्रसंग वाचताना मला स्वतःची भीती वाटते. मलाही हे सगळे अध्याय पाठ आहेत.

"पण मशीहा आला म्हणता, मग शांती कुठे आहे?" हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे आणि तो रास्त आहे. शिपायांचे जोडे अजून जळालेले नाहीत. 2023 च्या डिसेंबरमध्ये गाझातल्या युद्धामुळे खुद्द बेथलेहेममध्ये नाताळचा जल्लोष रद्द झाला. तिथल्या लुथरन चर्चने त्या वर्षी बाळ येशूला गव्हाणीत ठेवलं नाही. फुटलेल्या विटा-दगडांच्या ढिगाऱ्यात ठेवलं. ते छायाचित्र मी बराच वेळ पाहत बसले. इम्मानुएल या नावाचा याहून सरळ अर्थ मला कोणी सांगितलेला नाही. यशयाने आहाजला 'तुझं संकट टळेल' एवढंच सांगितलं असतं, तर ते खरंच नुसतं भविष्य झालं असतं. त्याने नाव दिलं 'देव आमच्याजवळ'. वेढ्यात जवळ, बंदिवासात जवळ, ढिगाऱ्यात जवळ. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात हे नाव येतं, आणि शेवटी तोच येशू शिष्यांना म्हणतो, "मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे." उरलेली शांती तो पुन्हा येईल तेव्हा पुरी होईल, अशी आमची श्रद्धा आहे. म्हणून तर आगमनकाळात आम्ही झालेल्या जन्माची आठवण करतो आणि पुढच्या येण्याची वाटही बघतो.

लूकने सांगितलेल्या एका म्हातारीचं नाव घेऊन थांबते. हन्ना. लग्नानंतर सात वर्षांत नवरा गेला. पुढे सारं आयुष्य मंदिरात, उपास आणि प्रार्थना करत. आता ती 84 वर्षांची विधवा. एके दिवशी एक गरीब जोडपं चाळीस दिवसांचं बाळ घेऊन मंदिरात येतं. कोकरू परवडत नाही म्हणून नियमाप्रमाणे पक्ष्यांची जोडी अर्पण करायला आलेलं. त्या गर्दीत अशी जोडपी रोजच येत असणार. शिमोन नावाचा एक भाविक ते बाळ हातांत घेतो, देवाची स्तुती करतो, आणि त्याच वेळी हन्ना जवळ येते. देवाचे आभार मानते आणि यरुशलेमच्या मुक्तीची वाट बघणाऱ्या प्रत्येकाला त्या बाळाबद्दल सांगत सुटते. ती नेमकं काय बोलली, ते लूकने लिहिलेलं नाही.

माझी आजी आता नाही. बाळाची मूर्ती माझ्या कपाटात आहे, त्याच कापसात. काल रात्री मी नाचणी भिजत घातली होती. आज सकाळी स्टुडिओकडे निघण्याआधी ती करवंटीत पेरली आणि वर थोडं पाणी शिंपडून आले.

नमस्कार.