निळा दिवा आणि मानशीवरचा कंदील

नमस्कार. मागच्यांना ऐकू येतंय ना? माईक खरखरतोय, पण चालवून घेऊ. पत्रिकेवर विषय छापलाय 'तंत्रज्ञानातील खरी नवनिर्मिती'. एवढं भारदस्त काही मला झेपणार नाही. मी जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं, तेव्हा आपल्या डोक्यावर हा जो पांढरा एलईडी जळतोय त्याच्याबद्दलच बोलतो.

लाल एलईडी अमेरिकेत निक होलोन्याक यांनी 1962 सालीच पेटवून दाखवला होता. जुन्या टेपरेकॉर्डरवर तो लाल ठिपका असायचा, आठवतो? पुढे हिरवा आला. अडलं ते निळ्यापाशी. निळा नाही तर पांढरा नाही, आणि पांढरा नाही तर घरात लावायला तो दिवा काय कामाचा? तीसेक वर्षं गाडं तिथंच रुतलं. गॅलियम नायट्राइडचा स्फटिक हवा होता, तो धड जमेना. जमला तर तडे जायचे. बऱ्याच जणांनी नाद सोडला आणि दुसऱ्या पदार्थांच्या मागे लागले. नागोयातले आकासाकी आणि त्यांचा विद्यार्थी आमानो मात्र हटून बसले. 1986 मध्ये त्यांनी नीलमच्या चकतीवर आधी दुसऱ्याच एका पदार्थाचा पातळसा थर दिला आणि त्यावर स्फटिक नीट बसला. गुळगुळीत भिंतीवर गिलावा धरावा म्हणून गवंडी आधी टाचे मारतो ना, तसंच काहीसं. पुढे नाकामुरा यांनी एका खासगी कंपनीत काम करून 1993 मध्ये झगझगीत निळा दिवा दिला. त्यावर पिवळा उजेड देणारी पूड चढवली की झाला पांढरा. आज 60 वॅटच्या जुन्या बल्बचं काम 9 वॅटमध्ये होतं ते त्यामुळे.

2014 चं नोबेल या तिघांना मिळालं आणि होलोन्याक यांनी उघडपणे नाराजी बोलून दाखवली. पहिली वाट आम्ही पाडली, मग आम्ही कुठे आहोत? त्यांचं दुखणं मला समजतं. तरीही मत विचाराल तर मी निळ्याच्या बाजूचा. जिथं सगळे अडून बसले होते ती गाठ तिथं सुटली.

आता इथवर सगळं गोड आहे. हाच दिवा घेऊन जरा समुद्रावर चला.

गोव्यातल्या केरीच्या किनाऱ्यावर एका रात्री आम्ही चारजण बसलो होतो. अमावास्या असेल, समोर काळाकुट्ट दर्या. आणि क्षितिजावर एक पांढरा पट्टा, जणू तिकडे एखादं शहर वसलंय. शेजारी बसलेला रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारा मच्छीमार, म्हणाला, "मास्तर, ती बाजारपेठ न्हय, आमची मासळी जाता ती." होडीवर जनरेटर, पाण्यावर मोठमोठे एलईडी, उजेडाला मासळी गोळा होते, पिलांसकट, आणि भोवती जाळं आवळलं जातं. केंद्र सरकारने 2017 मध्ये यावर बंदी घातली. पट्टा मी पाहिला तो बंदीनंतर.

हे भांडण गोव्याला नवं नाही. सत्तरच्या दशकात ट्रॉलर विरुद्ध रापणकार पेटलं होतं. तेव्हा ट्रॉलर म्हणजे प्रगती. जास्त मासळी, खोल समुद्र, सरकारी पाठबळ. रापण म्हणजे काय, तर किनाऱ्यावरून दोन्ही अंगांनी दोर ओढणारी पन्नास-साठ माणसं. ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन तळ खरवडू लागले तसे रापणीत येणारे बांगडे-तारले आटले. मोर्चे निघाले, उपोषणं झाली. शेवटी 1980 च्या कायद्याने किनाऱ्यालगतचा पाच किलोमीटरचा पट्टा यांत्रिक बोटींना बंद केला. कागदावर तरी.

मग रापणकार नव्याचे वैरी? अजिबात नाही. सुती जाळी टाकून नायलॉनची त्यांनी हसत घेतली. होडीला मोटर लावली, लाकडाच्या जागी फायबर आलं. त्यांना कुणी व्याख्यान द्यावं लागलं नाही. नायलॉनने त्यांचं जाळं कुजायचं थांबलं, म्हणून घेतलं. ट्रॉलरवाल्याचा नफा मात्र त्यांच्या ताटातून जात होता. मतं फुटतात ती इथं. दोघंही मूर्ख नसतात. एकाच यंत्राचं बिल दोन पत्त्यांवर येतं आणि पैसे एकालाच मिळतात.

(श्रोत्यांतून एक तरुण: "सर, उजेडाने मासे धरणं तरी नवं कुठे आहे?")

वा, बरोबर पकडलंस, बाबा. कुंभारजुव्याला माझं आजोळ. तिथं खाजनाच्या, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतीच्या, बांधावर मानस होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: बांधात लाकडी दारं. भरती आली की नदीचं खारं पाणी बाहेरून रेटतं आणि दारं आपोआप मिटतात, भात वाचतं. ओहोटीला आतलं पाणी रेटून तीच दारं उघडतं आणि निचरा होतो. वीज नाही, रखवालदार नाही, चंद्र काय ते काम करतो. ही कुणाच्या डोक्यातून निघाली ठाऊक नाही. पेटंट तर नाहीच.

त्या मानशीवर रात्री ओहोटीच्या वेळी जाळं लावत आणि वर कंदील टांगत. उजेडाला सुंगटं, म्हणजे कोळंबी, यायची. म्हणजे युक्ती जुनीच. पण त्या मानशीची पावणी, म्हणजे लिलाव, व्हायची. कोण धरणार, किती दिवस, हे ठरलेलं. वेळ ओहोटीची, उजेड एका कंदिलाचा. दार आणि बांध फुटला तर गावाचंच भात बुडणार, त्यामुळे राखायची चिंताही गावालाच. एलईडीच्या बोटीने त्यातला उजेड तेवढा उचलला.

गेल्या महिन्यात आजोळी गेलो होतो. बांध दोन ठिकाणी खचलाय, मानशीचं एक दार नवं, सिमेंटच्या चौकटीत बसवलंय. संध्याकाळी एकजण जाळं बांधत होता. कंदील शोधला, दिसला नाही. खांबाला सुतळीने एक चार्जिंगचा दिवा बांधला होता, पांढरा. "किती वेळ चालतो?" म्हणून विचारलं, तर म्हणाला, "एक ओहोटी."