कॉटवर बसून पन्हाळा: अंधारबाव मोबाईलवर कशी बघायची?

काय मंडळी, बरं हाय न्हवं? आज पन्हाळा. कोल्हापुरातून वीसेक किलोमीटर, पण गाडी काढू नका. आपण मोबाईलवरच्या 360 अंशांच्या फोटोंतून जाणार, आमच्या आजीसोबत, आणि तिचे गुडघे म्हणतात, पायऱ्या नकोत!

(स्क्रीनवर तीन दरवाजा, 360 अंशांत)

असे चौफेर फोटो काढणारा कॅमेरा म्हणजे पाठीला पाठ लावलेली दोन फुगीर भिंगं. एक पुढचं टिपतं, एक मागचं, मग सॉफ्टवेअर दोन्ही तुकडे शिवतं. पण दोन भिंगं एका जागी नसतात. त्यामुळं लांबचा डोंगर बरोबर जुळतो, आणि हातभर अंतरावरचा चिरा मध्येच तुटतो. तो दिसला की समजायचं, शिवण इथं हाय. पन्हाळ्यावर याचा सगळ्यात जास्त त्रास कुठं होतो माहितीये? अंधारबावीत, म्हणजे गडावरच्या झाकलेल्या विहिरीत.

(अंधारबाव, आतून)

बाहेरून साधी दगडी इमारत वाटते. आत तीन मजले, आणि तळाला पाणी. वेढा पडला तरी गडावरच्यांचं पाणी तुटू नये, म्हणून ते असं झाकून ठेवलेलं. मधल्या मजल्यावर तटाबाहेर निघायची चोरवाट. जिना अरुंद, उजेड कमी. म्हणून इथले फोटो दाणेदार येतात, भिंतीही वाकड्या दिसतात. मी सुरुवातीला स्क्रीनवरचा खाली जायचा बाण सरळ दाबत सुटलो. आजी ओरडली, "आरं थांब की! मला गरगराय लागलं!"

चूक माझीच. डोळे म्हणतात आपण चाललोय, कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणते कॉटवरच बसलोय. या भांडणात डोकं फिरतं. म्हणून एका जागी थांबायचं, मान वर, मान खाली, मगच पुढचा बाण. तीन दरवाजात तर वर बघितलंच पाहिजे. कमानीवरचं नक्षीकाम लोक प्रत्यक्ष जाऊनही बघत नाहीत, सेल्फी काढतात आणि झुणका-भाकरीकडं पळतात. (भाकरी मात्र मोबाईलवर मिळत न्हाई, तेवढं खरं.)

अंबरखान्यातही तेच. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याची तीन कोठारं. आत गेलात की छताकडं बघा: भोकं दिसतील. धान्य वरून ओतायची सोय!

2025च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात पन्हाळा हाय. आणि 1660 साली महाराज सिद्दी जौहरचा वेढा फोडून निसटले, तोही जुलैच. बाहेर बघा, कसलं धुकं असतं त्या दिवसांत. पावसाळ्यात गडावरच्या दरीकाठच्या सज्जाकोठीवर गेलात तर दहा फुटांवरचं दिसत न्हाई. इथं मात्र फोटो थंडीतला निघाला, तर दरी स्वच्छ.

शेवटी आजीच्या हातात मोबाईल दिला. ती कॉटवर बसल्या बसल्या सगळी फिरली, भिंतीकडं तोंड, मग खिडकीकडं. "जोतिबाचा डोंगर कुठं हाय रं?" सापडला तसा मोबाईल उशीवर टेकवला आणि हात जोडले. "चांगभलं."

पुढचा बाण मला दाबूच दिला न्हाई.