करंगळी

नमस्कार मंडळी. शाळेत असताना करंगळी वर केली की बाईंना समजायचं, तोंडातून शब्द काढायची गरज नाही, आणि वर्गातलं कोणी हसायचं पण नाही. मोठं झाल्यावर ती करंगळी दाखवायची कोणाला हाच खरा प्रॉब्लेम आहे, आणि आज मी त्याच्यावरच बोलणार आहे. जेवायला बसला असाल तर जेवून घ्या, नाहीतर जेवता जेवता ऐका, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मागच्या मे महिन्यात मी आणि माझी माय जळगावहून धुळ्याला लग्नाला निघालो, एसटीनं. आपल्याकडचा मे म्हणजे तुम्हाला काय सांगायचं, पारा ४५ च्या आसपास, खिडकी उघडली की तव्यावरची वाफ तोंडावर येते. आणि माय सकाळपासून पाण्याचा घोट घेईना. मी बाटली पुढे केली तर म्हणते, "नको वं, रस्तामा कोठे जाऊ?" शुगरची गोळी चालू, लघवीची गोळी चालू, आणि बाई पाणीच पीत नाही! आणि ही एकटी माझी मायच नाही हां, बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांना विचारून बघा, निम्म्या जणी घरून निघताना पाणी प्यायचंच नाही असं ठरवून निघतात.

तर मधे एका स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. आम्ही दोघी पळत गेलो, तर बायकांच्या दाराला कुलूप. चौकशीच्या खिडकीत विचारलं, ते म्हणे चावी पाणपोईवाल्याकडे. पाणपोईवाला जेवायला घरी. तेवढ्यात कंडक्टरनं डबल बेल मारली. गाडीत बसून मी मोबाईल काढला, तर एका ॲपमध्ये त्याच जागेवर मस्त ठिपका, आणि खाली हिरव्या अक्षरात 'आता उघडे आहे'.

मी दिवसभर दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवते, म्हणून मला वाटलं हे तर सोपं काम आहे, आपणच बनवू. भाच्याला सोबत घेतलं, तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्यानं पहिली स्क्रीन काय बनवली? मोबाईल नंबर टाका, ओटीपी टाका, नाव टाका. मी म्हटलं बाबा, ज्याला लागलीय तो ओटीपीची वाट बघत उभा राहील का? ते सगळं काढलं. आता ॲप उघडलं की एकच मोठं बटण, त्याच्यावर करंगळीचं चित्र. चित्र का, तर शब्दावरच आमचं भांडण झालं होतं. शौचालय म्हटलं तर सरकारी वाटतं, संडास म्हटलं तर भाचा नाक मुरडतो, मुतारी म्हटलं तर ती फक्त माणसांची वाटते, वॉशरूम मॉलमधलं, आणि बायका तर नुसतं "जाऊन येते" एवढंच म्हणतात! मग शोधायच्या खिडकीत हे सगळे शब्द चालतील असं केलं आणि बटणावर करंगळी ठेवली.

मग आलं अंतर. मोबाईल जे सरळ रेषेतलं अंतर काढतो ना, पक्ष्यासारखं, ते आपल्या हायवेवर काही कामाचं नाही. आपला सुरत-नागपूर रोड, जो आधी सहा नंबर होता आणि आता ५३ आहे, तो चौपदरी झालाय तिथं मधे डिव्हायडर. ॲप म्हणतं दोनशे मीटरवर पंप आहे, आहे ना, पण पलीकडच्या बाजूला, आणि गाडी वळवायला पुढचा कट येईपर्यंत तुम्ही घामाघूम. म्हणून रस्त्याची बाजू धरूनच यादी लावावी लागते, जाताना डाव्या हाताला जे येणार ते आधी. आणि मागे राहिलेलं दाखवायचंच नाही, उगाच जीव जळतो.

नेटवर्कचं पण तसंच. चोपडा, यावल सोडून सातपुड्याच्या अंगाला गेलं किंवा तिकडे धडगाव, तोरणमाळकडे, तर रेंज जाते. पण एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, जीपीएसला इंटरनेट लागत नाही. मोबाईल फक्त वरच्या उपग्रहांचे सिग्नल ऐकतो, पाठवत काही नाही. रेंज नसली तर जागा सापडायला जरा जास्त वेळ लागतो एवढंच. म्हणून आम्ही यादीच मोबाईलमध्ये भरून ठेवायचं ठरवलं. हिशोब केला, एका जागेची माहिती तीनशे बाईट, दोन हजार जागा धरल्या तरी एक एमबीसुद्धा होत नाही. लग्नातला एक फोटो त्याच्यापेक्षा मोठा असतो!

हे काही आम्ही जगात पहिल्यांदा करत नाहीये. ऑस्ट्रेलियात तर सरकारच असा नकाशा चालवतं, आणि तो निघाला आरोग्य खात्याच्या कामातून, ज्यांना लघवी धरवत नाही अशा लोकांसाठी. म्हणजे मायसारख्यांसाठीच की! गूगलनं पण २०१६ च्या शेवटी दिल्लीकडे आणि मध्य प्रदेशातल्या शहरांसाठी सार्वजनिक शौचालयं मॅपवर टाकली होती, मध्य प्रदेश म्हणजे आपल्या रावेरच्या पलीकडे लगेच. आणि ओपनस्ट्रीटमॅप नावाचा २००४ पासूनचा फुकट नकाशा आहे, त्याच्यात कोणीही जागा टाकू शकतं, पैसे लागतात का, व्हीलचेअर जाते का, हे पण लिहिता येतं. पैशाचं बायकांनी नीट ऐका. २०११ साली मुंबईत 'राईट टू पी' मोहीम सुरू झाली तिच्यातली एक मोठी तक्रार हीच होती, की माणसांना लघवी फुकट आणि बायकांना पैसे. म्हणून आमच्याकडे दोन रकाने आहेत, बायकांना किती आणि माणसांना किती. बघू द्या लोकांना.

पण सगळ्यात जास्त डोकं गेलं ते कुलुपात. आधी आम्ही स्टार ठेवले होते. आता तीन स्टार म्हणजे काय? पाणी आहे पण कडी नाही, का कडी आहे पण लाईट नाही? स्टार काढले. आता तीनच प्रश्न, उघडं होतं का, पाणी होतं का, आतून कडी लागत होती का. हो किंवा नाही दाबा, निघा. आणि खाली एक जागा, चावी कोणाकडे. आठ दिवस झाले की त्या उत्तराचं वजन निम्मं होतं, पंधरा दिवसांनी पाव, कारण दिवाळीत उघडं होतं म्हणून होळीला उघडं असेलच असं कोण म्हणेल. कोणीच काही सांगितलं नसेल तर ठिपका राखाडी, अंदाजानं हिरवा करायचा नाही. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत फिरते संडास लावले, की यात्रा उठली की ते पण उठले, मग अशा जागेला शेवटची तारीख टाकावी लागते, नाहीतर पुढच्या वर्षी माणूस रिकाम्या मैदानात करंगळी धरून उभा. आणि कोण कुठे किती वाजता गेलं हे आम्ही साठवतच नाही. बायकांचं तर नाहीच नाही.

सध्या पंधरा-वीस नातेवाईकांच्याच मोबाईलमध्ये आहे हे. मायला पण टाकून दिलं. मागच्या आठवड्यात ती मावशीकडे अमळनेरला गेली होती, ॲपमध्ये तिनं एक बटण दाबलं नाही, मला व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज पाठवला, मागे गाड्यांचा हॉर्न वाजतोय आणि ही जोरात सांगतेय, "कडी शे, बादली शे, पानी नही. चावी चहावालाजोडे शे, पन तो पह्यले चहा ले म्हने." आता ह्या चहावाल्याला कुठल्या रकान्यात बसवायचं ते मी आणि भाचा चार दिवसांपासून बघतोय.