रिकाम्या जागेची तपासणी

[दृश्य: पडद्यावर एका लेखाचं पान. कर्सर स्थिर.]

या पानावर एक चूक आहे. सापडते का बघा.

मजकूर जागेवर आहे, छायाचित्रं आहेत, जाहिरात एकही नाही. पण तिसऱ्या परिच्छेदाखाली एक व्हिडिओ होता, तो गायब आहे. मोकळी चौकटसुद्धा उरलेली नाही, खालचा मजकूर वर सरकून बसलाय. इथे व्हिडिओ होता हे ज्याला ठाऊकच नाही, त्याला काही हरवल्याचा पत्ता लागणार नाही.

बाकीची सॉफ्टवेअरं चुकली की ओरडतात. ॲडब्लॉकर, म्हणजे जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर, चुकतो तो गुपचूप. म्हणून त्याची बीटा आवृत्ती, म्हणजे सगळ्यांच्या हाती पडण्याआधीची आवृत्ती, तपासणाऱ्यांना नसलेली गोष्ट हेरावी लागते.

[दृश्य: नियमांची लांबलचक यादी वर सरकतेय.]

ही फिल्टर यादी. २००५ पासून चालत आलेली इझीलिस्ट यातली सर्वांत परिचित. हजारो नियम, बहुतेक एकेका ओळीचे. काही नियम जाहिरात मागवणारी विनंती ब्राउझरबाहेर जायच्या आतच अडवतात. दोन हॅश असलेले नियम पानावर आलेली चौकट लपवतात. आता समजा, 'बॅनर' नावाची चौकट लपवायला सांगणारा एक नियम आहे, आणि कुणीतरी तातडीची सूचना नेमकी त्याच नावाच्या चौकटीत ठेवली आहे. गेली सूचना!

[दृश्य: दोन खिडक्या शेजारी शेजारी. एकीत व्हिडिओ आहे, दुसरीत नाही.]

आपली टेस्टर तेच पान आधी ॲडब्लॉकर बंद करून उघडते. मग जुन्या आवृत्तीत, मग बीटात. जुन्या आवृत्तीतही व्हिडिओ नसेल, तर दोष बहुधा यादीचा. ती तक्रार यादी सांभाळणाऱ्यांकडे जाते. तीच यादी घेऊन फक्त बीटात गायब असेल, तर मात्र काहीतरी हाती लागलंय. मग नव्या ब्राउझर प्रोफाइलवर पुन्हा तेच, कारण असल्या शोधांपैकी बरेचसे शेवटी कॅशेचे, म्हणजे ब्राउझरने साठवलेल्या जुन्या प्रतींचे, खेळ निघतात. एवढं होऊनही दोष टिकला, की अर्ध्या याद्या बंद करायच्या. दोष राहिला का? उरलेल्यातल्या अर्ध्या. गुन्हेगार एकच असेल, तर बत्तीस याद्यांतून तो पाच फेऱ्यांत सापडतो.

[दृश्य: डेस्कटॉप संगणक, मागच्या बाजूची नेटवर्क केबल.]

इथवरचं सगळं ब्राउझरच्या आतलं. पण ॲडगार्डसारखं डेस्कटॉपवरचं ॲप ब्राउझरच्या बाहेर बसतं आणि अख्ख्या संगणकाची नेटवर्कवरची ये-जा चाळतं. कुलूपबंद, म्हणजे एचटीटीपीएसची वाहतूक वाचायची तर त्याला संगणकात स्वतःचं रूट सर्टिफिकेट बसवावं लागतं. घराच्या किल्लीची नक्कलच म्हणा. २०१५ मध्ये लेनोवोच्या लॅपटॉपवर आधीपासून भरलेलं सुपरफिश सापडलं, तेव्हा सगळ्या यंत्रांवर एकच सर्टिफिकेट आणि एकच गुप्त किल्ली असल्याचं उघड झालं. एक किल्ली फुटली की सगळी घरं उघडी. सुपरफिश जाहिराती घुसवणारं होतं, अडवणारं नव्हे; पण सगळीकडे एकच किल्ली वापरली, तर जोखीम दोघांनाही सारखीच.

म्हणून टेस्टर ॲप काढून टाकूनही बघते. सर्टिफिकेट गेलं का? ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या आत बसवलेला ॲपचा भाग, गेला? प्रॉक्सीची, म्हणजे सगळी वाहतूक ॲपमधून वळवणारी, सेटिंग मागे राहिली, तर ॲप गेल्यावर इंटरनेटच बंद पडतं. इथे शोध उलटा होतो, नको असलेली वस्तू उरली आहे का तो पाहायचा. माझ्या मते बीटाची खरी परीक्षा बसवताना नाही, काढताना होते. आणि घाईत हीच पायरी वगळली जाते.

[दृश्य: निळा पडदा.]

फिल्टर यादी चुकली तर साधारणपणे पान मोडतं. विंडोजच्या गाभ्यात चालणारा ड्रायव्हर चुकला तर संगणकच बसतो. त्यामुळे बीटा रोजच्या कामाच्या यंत्रावर टाकत नाहीत. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातच सॉफ्टवेअरनं उभा केलेला दुसरा संगणक, सोयीचं, पण फसवंही, कारण खऱ्या यंत्रावरचा अँटिव्हायरस आणि व्हीपीएन तिथे नसतात, आणि भांडणं तर त्यांच्याशीच होतात.

[दृश्य: लॉगची फाइल. पत्ते धूसर केलेले.]

लॉग, म्हणजे ॲपने ठेवलेली घडामोडींची नोंद, पाठवण्याआधी टेस्टर तो वाचते. ओळ न ओळ. उघडलेल्या पानांचे पत्ते त्यात असतात, कधी लॉगिनच्या खुणाही. इतरांची पाळत चुकवण्यासाठी घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या तक्रारीतून स्वतःचाच माग द्यायचा, हा विनोद फार महागात पडू शकतो.

[दृश्य: ब्राउझरमध्ये इशाऱ्याची पट्टी.]

३ जून २०२४ पासून क्रोममध्ये जुन्या धाटणीच्या एक्स्टेन्शनांबद्दल, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामांबद्दल, इशारे दिसू लागले, तेही आधी बीटा, डेव्ह आणि कॅनरी या चाचणीच्या आवृत्त्यांत. मॅनिफेस्ट व्ही थ्री या एक्स्टेन्शनांच्या नव्या पद्धतीत नियम आधीच ब्राउझरच्या हवाली करायचे, अडवायचं काम ब्राउझर करणार. रेमंड हिल यांच्या युब्लॉक ओरिजिन लाइट या ॲडब्लॉकरमध्ये याद्या एक्स्टेन्शनसोबतच बांधून येतात. त्यामुळे यादीतली दुरुस्तीही पुढच्या आवृत्तीची वाट बघते. दोष यादीचा की आवृत्तीचा, हा टेस्टरचा पहिला प्रश्न तिथे निम्मा निकालात निघतो. यादी आवृत्तीच्या पोटातच असते.

[दृश्य: पुन्हा पहिलं पान. सकाळ.]

रिपोर्ट रात्री गेला. ॲपची आवृत्ती, विंडोजची आवृत्ती, पायऱ्या, दोन छायाचित्रं. सकाळी उत्तर आलंय: "आमच्याकडे व्हिडिओ दिसतोय."

ती पान उघडते. व्हिडिओ आहे! बीटा कालचीच, याद्या कालच्याच. रात्रीतून त्या साइटनेच चौकटीचं नाव बदललंय.

ती कालची जतन केलेली प्रत काढते. रिपोर्ट अजून उघडाच ठेवलाय.