वायपर अर्ध्यात अडकतोय? मोटार बदलण्याआधी स्पिंडल काढून बघा

नमस्कार मंडळी. कास-बामणोलीकडे ढग दिसायला लागले की जुन्या जिप्सीवाल्यांची एक तक्रार हमखास येते. वायपर अर्ध्या काचेवर येऊन थांबतो, हाताने ढकलला की पुढे जातो. बरेच जण सरळ मोटार बदलतात. मग नवी मोटारही थोड्या दिवसांत तापायला लागते, कारण तिला ओढायला दिलेलं ओझं तसंच राहिलेलं असतं. ते ओझं म्हणजे जाम झालेलं स्पिंडल.

(टेबलावर काढलेलं लिंकेज, म्हणजे मोटार आणि वायपर जोडणाऱ्या दांड्या. कॅमेरा जवळ.)

हे बघा. वायपरचा आर्म ज्या पोलादी दांडीवर बसतो, ते स्पिंडल. ते या ओतीव हाउसिंगमध्ये फिरतं. वर रबरी टोपी, आत ओ-रिंग आणि ग्रीस. रबर कडक होऊन तडकलं की पाणी आत उतरतं आणि अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून दांडी चारी बाजूंनी आवळली जाते. महाबळेश्वर, जावळीत फिरणाऱ्या गाडीत हेच सापडेल. माण-खटावकडची गाडी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे महिनोन्‌महिने वायपर लागतच नाही, ग्रीस वाळतं, त्यात धूळ बसते आणि डांबरासारखा काळा लगदा होतो. तो रॉकेलने निघतो. पांढरी भुकटी मात्र सहज सुटत नाही.

आता दोष नक्की कुठे आहे ते ओळखू. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. लिंकेजमध्ये बोट सापडलं तर मोटार दया करत नाही. मोटारीच्या क्रँकवरून, म्हणजे तिच्या शाफ्टवरच्या छोट्या दांड्यावरून, लिंकेजचा बॉल जॉइंट (गोळीवर दाबून बसलेला सांधा) सोडवा. रुंद स्क्रू ड्रायव्हर मधे घालून हळू उचकला की तो टक करून निघतो. आता बॅटरी जोडा, हात बाजूला घ्या आणि मोटार एकटीच चालवा. ती मोकळी, एकसारख्या आवाजात फिरली तर तिला हात लावू नका. मग एकेक स्पिंडल हाताने फिरवून बघा. दोन बोटांनी फिरलं पाहिजे. पक्कड लागत असेल तर दोष सापडला.

आर्म काढताना काचेवर जाड पुठ्ठा ठेवा. स्प्रिंगवाला आर्म हातातून निसटून काचेवर आपटला तर काच जाते. नट बहुतेक १० किंवा १२ च्या गोटी पान्याने निघतो. आर्म स्प्लाइनवर, म्हणजे स्पिंडलच्या टोकाच्या बारीक दातांवर, घट्ट बसलेला असेल तर छोटा दोन पायांचा पुलर लावा. खालून स्क्रू ड्रायव्हरने उचकायला गेलात तर पत्रा वाकतो, नाहीतर काच तडकते.

लिंकेज बाहेर आलं की स्पिंडलच्या बुडाची क्लिप काढा. तिथले वॉशर कोणत्या क्रमाने होते त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. नागमोडी वॉशर चुकीच्या जागी गेला तर जोडल्यावर पुन्हा जड फिरेल.

दांडी हलत नसेल तर पेनेट्रेटिंग ऑइल दोन्ही टोकांनी सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी हाउसिंग उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. अॅल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे पकड सैल होते. गॅसचा टॉर्च लावू नका. हाउसिंग जस्ताच्या मिश्रधातूचं असेल तर ४०० अंशांच्या आतच वितळतं. आता नट उलटा लावून दांडीच्या टोकाशी सपाट करा आणि लाकडी हातोडीने हलके ठोके द्या. थेट आट्यांवर लोखंडी हातोडी बसली की टोक पसरतं आणि दांडी भोकातून बाहेर येतच नाही. दोन ठोके, थोडं तेल, पुढे-मागे फिरवणं, पुन्हा दोन ठोके. इथे घाई करणारा हाउसिंग फोडतो.

दांडी निघाल्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून घासा, मग ८०० चा. फक्त गंज आणि डाग घालवायचे, धातू उतरवायचा नाही. भोकासाठी तोच पेपर लाकडी काडीला गुंडाळा. धुऊन, पुसून दांडी कोरडीच घालून बघा. आडवी हलत असेल, खळखळ वाजत असेल तर भोक झिजलंय. अशा वेळी सातारा एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून गनमेटलचा बुश (भोकात बसणारी धातूची नळी) बसवून घ्या. दांडी आणि बुशमध्ये ०.०५ मिलिमीटरच्या आसपास मोकळीक सांगा. त्याहून घट्ट ठेवला तर ग्रीसला जागाच उरत नाही.

जोडताना लिथियम ग्रीस आणि नवी ओ-रिंग. नुसता डब्ल्यूडी-फोर्टी मारून बंद करू नका. तो गंज सोडवतो, पण पावसाळाभर टिकणारं वंगण नाही. रबरी टोपी तडकलेली असेल तर आजच बदला, सगळ्या दुखण्याची सुरुवात तिथूनच झाली होती.

बॉल जॉइंटमधले प्लॅस्टिक बुशही बघा. ते झिजले की वायपर जास्त झोका घेतो आणि काचेच्या रबरावर आपटतो.

मोटार एकटीसुद्धा हळू फिरत असेल तर उघडण्याआधी मल्टिमीटर लावा. वायपर चालू असताना मोटारीच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे. मोटार रबरावर बसते, तिची अर्थची वायर गंजलेली सापडते. अर्थ ठीक असेल तर कार्बन ब्रश आणि आतलं घट्ट झालेलं ग्रीस बघा. क्रँकचा नट सोडण्याआधी मात्र क्रँक आणि शाफ्टवर खूण करा, नाहीतर वायपर उभा पार्क होईल. जाम स्पिंडलसोबत गाडी बरेच दिवस चालवली असेल तर आतल्या नायलॉन गिअरचे दातही तपासा. दात गेले की मोटार गुणगुणते आणि क्रँक जागेवरच राहतो.

बसवताना काउलमधला, म्हणजे काचेच्या पायथ्याच्या खोबणीतला, पालापाचोळा काढा आणि पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा.

आर्म अगदी शेवटी. आधी मोटार चालवून बंद करा, पार्कवर थांबू द्या, मगच आर्म काचेच्या खालच्या कडेला लावून बसवा. स्प्लाइन पितळी ब्रशने साफ असू द्या. आर्म घसरतोय म्हणून नट जोर लावून आवळू नका. आर्मचे दात मऊ असतात, ते गेले की आर्मच बदलावा लागतो.

काच ओली करा, कोरड्या काचेवर चाचणी घेऊ नका. फास्टवर मिनिटाला ४५ च्या वर फेऱ्या मोजल्या आणि स्विच बंद केल्यावर दोन्ही ब्लेड खाली येऊन थांबले, की खुशाल ठोसेघरचा रस्ता धरा.